कोशातून कंठात : कौर्ना भाषेच्या पुनरुज्जीवनाची हकिगत

ग्रंथालयाच्या संदर्भ-कपाटातील कोशांना वाचक थोडे. कादंबरी हातोहात फिरते, चरित्रे आणि प्रवासवर्णनेही घरोघर जाऊन येतात; कोश मात्र जागचा हलत नाही. ‘बाहेर देता येत नाही’ अशी चिठ्ठी त्याच्या पुठ्ठ्यावर असते आणि खरे सांगावयाचे तर ती नसती तरी कोणाची फारशी गैरसोय झाली नसती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला, वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. त्या कोशाला आपण मान देतो, परंतु एखादा शब्द अडल्याखेरीज तो उघडीत नाही. आपली भाषा कोशाबाहेर, घराघरांत आणि बाजारात नांदते आहे, म्हणूनच ही चैन आपल्याला परवडते.

एखाद्या भाषेचा कोश तेवढा मागे राहिला आणि ती बोलणारे मात्र उरले नाहीत, तर त्या कोशातून भाषा पुन्हा उठून उभी राहील काय? हा प्रश्न केवळ कल्पनेतील नव्हे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहराच्या परिसरात राहणाऱ्या कौर्ना या आदिवासी समाजाने तो प्रत्यक्ष अंगावर घेतला आहे. त्यांच्या अनुभवावरून असे दिसते की, शब्दांची यादी हाती असणे आणि शब्दांचा अर्थ हाती असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आणि भाषा पुन्हा बोलावयाची झाल्यास दुसरीवाचून पहिलीचा उपयोग होत नाही. शताब्दीच्या या स्मरणग्रंथात त्या हकिगतीला जागा मागण्याचे कारण असे की, तिच्यात एका ग्रंथालयाचाही वाटा आहे.

दोन पाद्री आणि तीन माहितगार

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीची घोषणा २८ डिसेंबर १८३६ रोजी झाली. ज्या मैदानावर अ‍ॅडलेड वसविण्यात आले ते कौर्ना लोकांचे. ‘कौर्ना’ हे नावदेखील बहुधा शेजारच्या भाषेतून आलेले असून त्याचा मूळ अर्थ ‘माणसे’ असा असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. १८३८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथील लुथरपंथी मिशनरी संस्थेने पाठविलेले टाइखेलमान आणि श्यूरमान हे दोन तरुण पाद्री तेथे उतरले. धर्मोपदेश करावयाचा तर तो लोकांच्या भाषेत, या निष्ठेने ते कौर्ना शिकू लागले. १८३९ च्या डिसेंबरात त्यांनी पिल्टावोड्ली या ठिकाणी शाळा काढली आणि मुलांना कौर्नामधून लिहावाचावयास शिकविले. १८४० मध्ये त्यांनी व्याकरण, सुमारे २,००० शब्दांचा संग्रह आणि नमुन्याची वाक्ये असे एक पुस्तक छापले. उतरल्यापासून पुरी दोन वर्षेही उलटली नसताना केलेले हे काम पाहून आपल्याकडील मराठी वाचकाला फादर स्टीफन्सची आठवण व्हावी. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या त्या इंग्रज पाद्र्याने कोकणीचे व्याकरण रचिले आणि मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले, तेही अशाच हेतूने.

या पाद्र्यांना शब्द कोणी दिले? मुल्लाविराबुर्का, काड्लिट्पिना आणि इत्यामाईट्पिना हे तिघे त्यांचे प्रमुख माहितगार. वसाहतवाल्यांनी त्यांना ‘किंग जॉन’, ‘कॅप्टन जॅक’, ‘किंग रॉडनी’ अशी नावे चिकटविली होती. यांतील इत्यामाईट्पिनाची कन्या इवारित्यी हिचे १९२९ साली निधन झाले, आणि तिच्याबरोबर ही भाषा जाणणारी शेवटची व्यक्ती गेली असे मानले जाते. बापाने सांगितलेले शब्द कागदावर उतरले होते. लेकीच्या ओठांवरचे तिच्याबरोबर गेले.

मधल्या काळात जे घडले ते थोडक्यात सांगता येईल. रोगराईने आणि जमिनी गेल्याने लोक पांगले. १८४५ मध्ये पिल्टावोड्लीची शाळा बंद झाली आणि मुलांसाठी इंग्रजी माध्यमाची शाळा आली. १८६० च्या दशकाच्या प्रारंभीच ही भाषा रोजच्या व्यवहारातून गेली असावी. टाइखेलमान मात्र शब्द जमवीतच राहिला होता. १८५७ साली त्याने आपले वाढविलेले हस्तलिखित सर जॉर्ज ग्रे यांच्याकडे धाडले. हे ग्रे पूर्वी दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर होते आणि तेव्हा केप वसाहतीचे गव्हर्नर होते. त्यांना ग्रंथसंग्रहाचा नाद होता. १८६१ मध्ये त्यांनी आपला संग्रह केप टाउनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिला, आणि कौर्ना भाषेचे ते मोलाचे हस्तलिखित आफ्रिकेतल्या एका कपाटात सुखरूप राहिले. १८४० च्या पुस्तकात एकेकटे असलेले कितीतरी शब्द या हस्तलिखितात वाक्यांसह आले आहेत. ते का महत्त्वाचे, हे पुढे ध्यानात येईल.

प्रतिशब्द म्हणजे अर्थ नव्हे

१९८० च्या दशकाच्या अखेरीस कौर्ना समाजातील काही मंडळींच्या मनात आपल्या भाषेचा शोध घेण्याचे आले. १९९० मध्ये शेजारच्या दोन भाषांसह कौर्नामधील गीतांचे पुस्तक तयार झाले. १९९२ पासून अ‍ॅडलेडच्या उत्तरेकडील कौर्ना प्लेन्स शाळेत भाषा शिकविली जाऊ लागली. या शाळेच्या मुख्याध्यापिका अलित्या रिग्नी, ज्येष्ठ नेते लुइस ओब्रायन आणि भाषाशास्त्रज्ञ रॉब एमरी यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये ‘कौर्ना वारा पिंत्यांथी’ ही मंडळी स्थापन झाली. ‘कौर्ना भाषा घडविणे’ असा त्या नावाचा अर्थ.

त्यांच्यापुढील पहिली अडचण विलक्षण होती. कोश लिहिणारे जर्मन, लिहिलेले अर्थ इंग्रजीत आणि भाषा कौर्ना. दीडशे वर्षांनी वाचणाऱ्याला शब्दाच्या पुढे एखाददुसरा इंग्रजी प्रतिशब्द दिसतो. पण प्रतिशब्द म्हणजे अर्थ नव्हे. मूळ शब्दाची हद्द कोठवर होती, त्याच्या शेजारी दुसरे कोणते शब्द नांदत होते, कोणाला उद्देशून तो वापरीत, हे सारे अर्थातच मोडते. भाषाशास्त्रात याला अर्थविचार म्हणतात. पंडितांचा विषय म्हणून सामान्य वाचक त्याच्या वाटेला जात नाही. कौर्ना मंडळींना मात्र तो पहिल्याच धड्यापासून लागला.

कांगारूचेच पाहा. इंग्रजीत शब्द एक. कौर्नामध्ये तांबड्या कांगारूच्या नराला ‘तार्न्ता’, मादीला ‘कुर्लू’. करड्याच्या नराला ‘नांतू’, मादीला ‘वावी’. ‘कांगारूला काय म्हणावे?’ असा प्रश्न मुलाने विचारला तर ‘कोणता कांगारू?’ असे उलट विचारावे लागते. गाय, बैल, कालवड, खोंड, गोऱ्हा हे भेद आपल्या शेतकऱ्याला जसे आपोआप सुचतात, तसेच ते होते. अ‍ॅडलेडच्या मध्यवर्ती चौकाला २००२ पासून ‘तार्न्तान्यांग्गा’ हे कौर्ना नावही अधिकृतपणे जोडलेले आहे. त्यातला ‘तार्न्ता’ हा नेमका कोणता प्राणी हे कळल्यावाचून त्या जागेचे नाव केवळ ध्वनी म्हणून उरले असते.

नात्यांचा प्रकार तर आपल्याला फारच जवळचा वाटेल. ओब्रायन यांना लोक आदराने ‘कौवानू’ म्हणतात. इंग्रजीत याचा अर्थ ‘अंकल’ लिहिला की काम भागले असे वाटते. पण हा अंकल म्हणजे आईचा भाऊ. मराठी माणूस लगेच म्हणेल, ‘मग सरळ मामा म्हणा ना!’ आजी-आजोबांनाही कौर्नामध्ये चार निरनिराळी नावे आहेत: आईची आई वेगळी, वडिलांची आई वेगळी. इंग्रजी प्रतिशब्दांच्या चाळणीतून हे भेद गळून पडतात. जुनी वाक्ये, नातेसंबंधांच्या नोंदी आणि शेजारच्या सजातीय भाषा एकमेकांशी ताडून ते पुन्हा प्रस्थापित करावे लागले. यात चूक झाली तर मुले कौर्ना शब्द बोलतील आणि घर मात्र इंग्रजी नात्यांचे राहील.

तिसरे उदाहरण संबोधनाचे. संस्कृताप्रमाणे कौर्नामध्येही द्विवचन आहे. एकट्याला ‘नीना’, दोघांना ‘नीवा’, अनेकांना ‘ना’. ‘मार्नी ना पुड्नी’ हे स्वागताचे वाक्य आज अ‍ॅडलेडमध्ये समारंभांच्या आरंभी ऐकू येते. त्याचा भाव ‘तुम्ही सर्व आलात, बरे झाले’ असा. पण दारात एकटाच पाहुणा उभा असेल तर हे वाक्य चुकते. तेथे ‘नीना’ हवे, जोडपे आल्यास ‘नीवा’ हवे. फलकावर लिहिण्यापुरती भाषा शिकणाऱ्याला हा भेद लागत नाही. माणसांशी बोलणाऱ्याला तो पदोपदी लागतो.

या वाक्यातील ‘मार्नी’ शब्दाचा अर्थ ‘चांगले’. परंतु तोच शब्द ‘चरबी’ या अर्थाने आणि ‘पुष्ट’ या अर्थानेही येतो. इंग्रजी वाचकाला हे चमत्कारिक वाटले तरी आपल्याला वाटावयास नको. ‘स्नेह’ म्हणजे तेल-तूप आणि ‘स्नेह’ म्हणजे प्रेम, हे आपण एकाच शब्दात साठविले आहे. शिकारीवर जगणाऱ्या समाजात पुष्ट जनावर म्हणजे सुबत्ता. तेथून ‘चांगले’ हा अर्थ फार दूर नाही. तसेच ‘वारा’ या शब्दाचे. ‘भाषा’ हा त्याचा आजचा रूढ अर्थ. पण त्याच शब्दात आवाज आहे, बोलणे आहे आणि गळाही आहे. ‘कंठ फुटणे’ आणि ‘कंठस्थ’ असे बोलणाऱ्या मराठी माणसाला या शब्दाची ओळख करून देण्याची गरज नाही. शब्दाचे हे निरनिराळे अर्थ एका धाग्यात ओवून दाखविले की शिकणाऱ्याला शब्द पाठ करावा लागत नाही, तो आपोआप लक्षात राहतो.

नवे शब्द, जुनी रीत

मृत मानलेली भाषा बोलावयाची म्हटल्यावर दुसरी अडचण नव्या वस्तूंची. १८४० च्या कोशात दूरध्वनी कोठून असणार? अशा वेळी दोन मार्ग सोपे असतात: इंग्रजी शब्द जसाच्या तसा घ्यावा, किंवा दोन शब्द वाटेल तसे जोडून नवा ठोकळा तयार करावा. कौर्ना मंडळींनी आधी जुन्या लोकांची रीत शोधली. वसाहतवाल्यांबरोबर घोडा प्रथमच आला, तेव्हा त्या काळच्या बोलणाऱ्यांनी त्याला कोणते नाव दिले होते? ‘पिंती नांतू’. नांतू म्हणजे करड्या कांगारूचा नर, हे वर आलेच आहे. ‘पिंती’ म्हणजे खड्डा, थडगे, मृतांच्या आत्म्यांची जागा. गोऱ्या माणसालाही ते ‘पिंती मियू’, म्हणजे थडग्याकडचा माणूस, म्हणत. त्यांचा फिकट रंग पाहून हे परत आलेले मृतात्मे असावेत अशी कल्पना झालेली दिसते. तेव्हा घोडा हा त्या लोकांचा कांगारू. पुढे नुसता ‘नांतू’ म्हणजेच घोडा झाला. या एका नोंदीतून दोन गोष्टी मिळाल्या: एका समाजाने दुसऱ्याकडे पहिल्यांदा कोणत्या नजरेने पाहिले त्याचा इतिहास, आणि ओळखीच्या वस्तूवरून नव्याला नाव देण्याचा, अर्थविस्ताराचा, त्या भाषेचा स्वतःचा नियम.

या रीतीने संगणकाला ‘मुकार्न्तू’ हे नाव मिळाले. ‘मुकामुका’ म्हणजे मेंदू आणि ‘कार्न्तू’ म्हणजे वीज. दूरध्वनीला ‘वाराइत्याती’, म्हणजे आवाज पाठविणारी वस्तू. गळ्याचा आणि भाषेचा ‘वारा’ येथेही आला. सर्वांत हृद्य गोष्ट अंकांची आहे. जुन्या साधनांत अंक नोंदले गेले ते चारपर्यंतच: कुमा, पुर्लाइत्यी, मार्न्कुत्यी, यारापुर्ला, त्यातही चारासाठीचा शब्द दोनावरून बनलेला. शाळेत गणित शिकवावयाचे म्हणजे पुढचे अंक हवेत. ते कोठून आणावे? कौर्ना समाजात मुलांना जन्मक्रमाने नावे देण्याची चाल होती: पाचव्या मुलाचे नाव मिलाइत्या, मुलीचे मिलातो, सहाव्याचे मारुत्या, मुलीचे मारुआतो. या नावांतील मूळ घटक वेगळा काढून पाचाला ‘मिला’, सहाला ‘मारू’, सातास ‘वांगू’, आठास ‘न्गार्ला’, नवास ‘पौवा’ असे अंक ठरले. घरात मुले मोजण्यासाठी जी शब्दमालिका होती, तीच वर्गात मणी मोजू लागली. बाहेरून काहीही आणावे लागले नाही.

असे प्रयत्न आपल्यालाही नवे नाहीत. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचिला, आणि आपल्या बडोदे राज्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतील कोश सिद्ध करविला. कोणता शब्द टिकला आणि कोणता कोशातच राहिला याचा हिशेब आपल्याला माहीत आहे. लोकांच्या अर्थसवयींशी जो शब्द जुळतो तो टिकतो.

मर्यादा आणि मालकी

या कामाचे कौतुक करताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवू नयेत. ज्या तिघांनी पाद्र्यांना मुख्यत्वे शब्द दिले ते तिघेही पुरुष. ऐकणारे दोघेही तरुण पाद्री. आई तान्ह्या मुलाशी काय बोलते, भांडणात काय म्हणतात, थट्टा कशी करतात, हे अशा नोंदींत तुटपुंजेच येणार. शाळेतील मुलांनी कौर्नामध्ये लिहिलेली आणि जर्मनीस धाडलेली पत्रे उपलब्ध आहेत. तेवढाच त्या काळच्या कोवळ्या आवाजांचा आधार. बाकीचे तर्काने भरून काढावे लागते, आणि भरणाऱ्यांची पहिली भाषा इंग्रजी असल्यामुळे वाक्याच्या आड इंग्रजी विचार डोकावण्याचे भय कायम असते. ‘ही जुनीच कौर्ना काय?’ असे कोणी विचारले तर ‘नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणाचे. पण ज्ञानेश्वरांची मराठी तरी आज कोण बोलतो? फरक इतकाच की, आपला बदल अखंड पिढ्यांच्या तोंडून झाला आणि त्यांचा दीडशे वर्षांची दरी ओलांडून.

दुसरा मुद्दा मालकीचा. एखाद्या शब्दाचे दोन अर्थ संभवत असतील तर भाषाशास्त्रज्ञ पुरावा मांडतो, शक्यता सांगतो. निवड समाजातील मंडळी एकत्र बसून करतात. रस्ता, इमारत, संस्था यांना कौर्ना नाव हवे असल्यास मागणी याच मंडळीकडे येते. वरवर पाहता ही औपचारिकता वाटेल. परंतु ज्यांच्याकडून जमीन गेली, शाळा गेली, भाषा गेली, त्यांच्या शब्दांचे अर्थही इतरांनीच ठरवावेत हे पुन्हा तेच झाले असते. आता गाण्यांत, शाळेत, सभेच्या आरंभी, अंत्यविधीच्या वेळी ही भाषा ऐकू येते. जॅक कान्या बकस्किन यांच्यासारखे तरुण शिक्षक ती शिकून इतरांस शिकवितात. बोलणारे अजून मूठभर आहेत, पण १९२९ नंतर ती मूठही रिकामी होती.

आपल्या दाराशी

हे सर्व सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येईल काय? महाराष्ट्राच्या पूर्व भागात आणि लगतच्या राज्यांत बोलल्या जाणाऱ्या गोंडीची अवस्था कौर्नासारखी नाही. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषिक सुमारे २९.८ लाख नोंदले गेले. पण ही भाषा अनेक राज्यांत विभागली गेली आणि प्रत्येक ठिकाणी शेजारच्या मोठ्या भाषेच्या दबावाखाली तिच्यातील शब्द वेगळे झाले. निरनिराळ्या राज्यांतील गोंड मंडळींनी २०१४ पासून एकत्र बसून शब्द आणि त्यांचे अर्थ ताडून पाहिले, आणि २०१८ मध्ये हंपीच्या कन्नड विद्यापीठातून गोंडीचा समान कोश प्रसिद्ध झाला. बोलणारे हयात असताना हे काम झाले, ही त्यातील समाधानाची बाब. अर्थ विचारावयाला माणूस समोर होता. केप टाउनच्या कपाटापर्यंत जावे लागले नाही. आपल्या बडोद्यातही १९९६ मध्ये डॉ. गणेश देवी यांनी स्थापिलेल्या ‘भाषा’ केंद्राने आदिवासी भाषांतील वाङ्मय आणि शब्दसंपदा छापण्याचे काम हाती घेतले, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

आणि थोडे आपल्याही घरात डोकावू. चार-पाच पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या कुटुंबांत मराठी टिकली आहे, याचा अभिमान योग्यच आहे. तथापि मामा, काका, आत्याचे यजमान आणि शेजारचे गृहस्थ या सर्वांना आमची नातवंडे ‘अंकल’ म्हणू लागली आहेत. शब्द गेला याचे दुःख एक वेळ आवरता येईल. पण आईच्या भावाचे आणि बापाच्या भावाचे नाते निराळे असते, हा भेदच मनातून पुसला जातो आहे. कौर्ना मंडळींनी जो भेद दीडशे वर्षांच्या जुन्या कागदांतून खणून काढला, तो आपण दिवाणखान्यात बसल्या बसल्या हरवीत आहोत.

म्हणून शताब्दी साजरी करणाऱ्या आपल्या ग्रंथालयाकडे एकच मागणे आहे. संदर्भ-कपाटात एक कोरी वही ठेवावी. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी असलेले, आता क्वचित ऐकू येणारे शब्द सभासदांनी तीत लिहावेत: नात्यांचे, स्वयंपाकाचे, सणवारांचे, रागाचे आणि लाडाचे. मात्र शब्दापुढे नुसता प्रतिशब्द लिहून थांबू नये. तो शब्द कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणत असे, ते पूर्ण वाक्यात लिहावे. टाइखेलमानच्या हस्तलिखितातील वाक्यांनी जे साधले, तेच ही वही साधेल. बोलणारे अजून घरात आहेत. त्यांना विचारावयास आज संध्याकाळी जमेल.